प्रॅक्टिकलला बेडूक आणायला सांगितला तर? कॉलेजातल्या प्राण्यांबद्दल कायदा काय म्हणतो

तामसी (जि. आदिलाबाद) : मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की शिवारात रात्रभर बेडकांचा आवाज असतो. आज पन्नाशीला आलेल्या आणि तेव्हा सायन्स शिकलेल्या माणसाला हा आवाज ऐकला की हमखास एक जुनी गोष्ट आठवते. मेणाचा ट्रे, टाचण्या, फॉर्मॅलिनचा वास आणि चार पाय ताणून उताणा ठेवलेला बेडूक. "आम्ही बेडूक कापला होता" हे त्या काळी सायन्सवाला असल्याचं सर्टिफिकेटच होतं.

आता त्यांची पोरं शिकतायत. इकडे तेलंगणात इंटरला बायपीसी, पुढे डिग्रीला बीझेडसी. तिकडे किनवट, नांदेड, यवतमाळला अकरावी-बारावी सायन्स, मग बीएस्सी. कोणी फार्मसीला, कोणी मेडिकलला, कोणी व्हेटर्नरीला. सीमेवरच्या घरांत एक पोरगी आदिलाबादला आणि तिचा भाऊ नांदेडला, असंही असतं. अशा घरांत तीन प्रश्न नेहमी निघतात. एक, आता कापत नाहीत म्हणतात, ते खरं का? दोन, सरांनी आणायला सांगितलंच तर नाही म्हणता येतं का? तीन, औषधं आणि लसी तर प्राण्यांवरच तपासतात, मग कॉलेजात एवढा बाऊ कशाला?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बघू.

आधी थोडक्यात उत्तर

• बीएस्सी आणि एमएस्सी प्राणिशास्त्र : विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०११ मध्ये डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. २०१४ मध्ये ते पूर्ण थांबवायला सांगितलं. विद्यार्थ्याने नाही आणि शिक्षकानेही नाही.

• एमबीबीएस : पूर्वी फिजिऑलॉजीला बेडकाच्या स्नायूचे आणि हृदयाचे प्रयोग असत. २०१४ मध्ये मेडिकल कौन्सिलने त्यांच्या जागी कॉम्प्युटरवरचे प्रयोग आणले. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमातही बेडकाचे हे प्रयोग कॉम्प्युटरवरच बघायचे आहेत.

• बीफार्म : फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीची प्राण्यांवरची प्रॅक्टिकल्स सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायची आहेत.

• संशोधन, म्हणजे एमफार्म, पीएचडी, औषध तपासणी : प्राणी वापरता येतात, पण संस्थेची नोंदणी आणि नैतिकता समितीची परवानगी हातात असल्याशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही.

हे नियम केंद्राचे आहेत. विद्यापीठ वरंगलचं काकतीय असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, पैनगंगा ओलांडली म्हणून नियम बदलत नाही.

कायदा जुना आहे, आणि त्यातला मुद्दा साधा आहे

पुष्कळांना वाटतं की ही प्राणीप्रेमाची अलीकडची फॅशन आहे. तसं नाही. याचा पाया १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. भरतनाट्यमच्या नामवंत नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांनी प्राण्यांसाठी विधेयक मांडलं आणि त्या चर्चेतून पुढे सरकारने हा कायदा केला.

या कायद्याचं चौथं प्रकरण प्रयोगांबद्दल आहे. गंमत अशी की ते प्रकरण प्रयोगांवर बंदी घालून सुरू होत नाही. शरीराचं नवं ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी किंवा रोगाशी लढण्यासाठी केलेला प्रयोग बेकायदा नाही, असं कलम १४ सांगतं. त्यानंतर कलम १७ मध्ये अटी येतात. प्राण्याला विनाकारण वेदना होता कामा नयेत. भूल द्यावी. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये.

आणि कॉलेजसाठी महत्त्वाची ओळ याच कलमात आहे : पुस्तक, मॉडेल, फिल्म यांनी तेवढंच शिकवता येत असेल, तर मेडिकल स्कूल, कॉलेज अशा ठिकाणी प्राण्यावर प्रयोग टाळावा. लक्षात घ्या, हे १९६० सालचं आहे. तेव्हा आपल्या भागात किती गावांत वीज होती? तरीही कायदा करणाऱ्यांनी "दुसऱ्या मार्गाने शिकवता येतं का ते आधी बघा" असं लिहून ठेवलं. म्हणजे यूजीसीने २०१४ मध्ये काही नवीन शोधलं नाही, चौपन्न वर्षं कागदावर पडलेली गोष्ट लागू केली.

अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला कायद्याने केंद्रीय समिती नेमायला सांगितली. ती १९६४ मध्ये पहिल्यांदा नेमली गेली, पण तिला खरा जोर आला १९९८ मध्ये, तेव्हा नियमही झाले. बरीच वर्षं ती 'सीपीसीएसईए' या नावाने ओळखली जायची, आता 'सीसीएसईए' म्हणतात. सध्या ती केंद्राच्या मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयाखाली काम करते.

समितीत कोण बसतं?

दिल्लीची समिती प्रत्येक प्रयोगशाळेत जाऊन बसू शकत नाही. म्हणून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली स्वतःची समिती लागते : संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती. कॉलेजात तिला सगळे 'आयएईसी' म्हणतात.

तिच्यात आठ जण असतात. संस्थेतले पाच : एक जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या विषयांचे दोन शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य आणि प्राणीगृह सांभाळणारे शास्त्रज्ञ. बाकी तिघे केंद्रीय समितीचे : तिचा मुख्य प्रतिनिधी, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, आणि आठवा सदस्य. हा आठवा सदस्य शास्त्रज्ञ नसतो. नियमांच्या भाषेत तो 'सामाजिक जाणीव असलेला' माणूस.

शास्त्र न शिकलेला माणूस तिथे कशाला, असं वाटेल. पण विचार करा. एकाच कॉलेजातले सहकारी एकमेकांच्या प्रस्तावावर बोट ठेवायला बिचकतात. आज मी तुझं अडवलं तर उद्या तू माझं अडवशील, हे कुठल्याही ऑफिसात चालतं. बाहेरच्या माणसाला ती भीड नसते. तो सरळ विचारू शकतो : "साहेब, हे चाळीस उंदीर कशाला? वीसांत होत नाही का? आणि काम झाल्यावर त्यांचं काय करणार?" हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. बैल आजारी पडला की डॉक्टरला "हे इंजेक्शन कशाचं?" म्हणून विचारणारा आपला शेतकरी हेच तर करतो.

केंद्राचा प्रतिनिधी हजर नसेल तर ती बैठक धरली जात नाही. उंदीर, घूस, ससा, गिनीपिग अशा लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेतली समितीच निकाली काढते. कुत्रा, माकड, घोडा, गुरं अशा मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव मात्र पुढे केंद्रीय समितीकडे जातो.

समिती विचारते काय?

संशोधकाला 'फॉर्म बी' भरावा लागतो. कोणता प्राणी, किती, तेवढेच का, कुठून आणणार, काय करणार, भूल कोणती, शेवटी काय करणार, आणि प्राण्याशिवाय हे का होऊ शकत नाही, हे सगळं त्यात लिहावं लागतं.

या प्रश्नांच्या मागे १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेली तीन तत्त्वं आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर :

१. पर्याय : प्राण्याशिवाय होत असेल तर प्राणी घेऊ नका.
२. संख्या : घ्यावाच लागला तर कमीत कमी घ्या.
३. त्रास : जो घेतला त्याला कमीत कमी त्रास होईल असं करा.

भारतात यात चौथं जोडलं गेलं : पुनर्वसन. म्हणजे काम झाल्यावर, विशेषतः मोठ्या प्राण्याला, वाऱ्यावर सोडायचं नाही. त्याची पुढची जबाबदारी वापरणाऱ्याची.

आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, त्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. ज्याच्याकडून काम घेतलं त्याचं देणं लागतो, ही समज आपल्याला नवीन नाही. फॉर्म बी मध्ये तेच कागदावर येतं.

मग लस आणि सर्पदंशाचं औषध?

आता तिसरा, अवघड प्रश्न. याचं उत्तर द्यायला कोव्हॅक्सिनची गोष्ट उपयोगी पडते. ती आपल्या दोन्ही राज्यांची गोष्ट आहे.

लस हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवली. विषाणू आणि तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची. २०२० मध्ये माणसाला देण्याबरोबरच ती माकडांवरही तपासायची होती. त्यासाठी ऱ्हीसस जातीची लाल तोंडाची माकडं लागत होती. आपल्याकडची काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं वेगळी. प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हीसस मिळेनात. लॉकडाऊनमुळे वस्तीजवळचं खाणं बंद झालेली माकडं जंगलात आत गेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी 'गोइंग व्हायरल' या पुस्तकात ही शोधाशोध सांगितली आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाने जंगल धुंडाळलं आणि अखेर नागपूरच्या बाजूला माकडं सापडली.

शेवटी वीस माकडांवर तपासणी झाली, पाच-पाचचे चार गट. एका गटाला लस नाही, तीन गटांना लस. नंतर सगळ्यांना विषाणूचा संसर्ग दिला. ज्यांना लस होती त्यांच्या फुप्फुसांचं रक्षण झालं. तामसीच्या आरोग्य केंद्रात किंवा किनवटच्या दवाखान्यात ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली, त्यांच्यामागे ही वीस माकडं आहेत.

दुसरं उदाहरण तर आपल्या बांधावरचं. कापूस वेचताना, रात्री पाणी द्यायला गेल्यावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं की जे इंजेक्शन जीव वाचवतं, ते घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे, हळूहळू वाढवत नेलेले डोस देतात. त्याच्या शरीरात विषाला तोंड देणारे घटक तयार होतात. मग रक्त काढून त्यातल्या प्लाझ्मापासून औषध बनतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं आहे. आजही सर्रास वापरात असलेला दुसरा मार्ग आपल्याकडे नाही.

मग फरक कुठे? माकडांचं आणि घोड्यांचं उत्तर आधी माहीत नव्हतं, किंवा दुसऱ्या मार्गाने मिळत नव्हतं. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात हे मात्र शंभर वर्षांपासून पुस्तकात आहे. ते पुन्हा बघायला दरवर्षी, प्रत्येक वर्गात, प्रत्येक टेबलावर एक जीव संपवायचा का? संशोधनाला परवानगी घेऊन जागा आहे आणि वर्गातल्या डिसेक्शनला नाही, याचं कारण एवढंच आहे.

पहिल्या प्रकारातही वाट बदलते आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारताने २०१४ मध्ये बंद केली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, कॉम्प्युटर मॉडेल अशा बिनप्राण्यांच्या पद्धतींना त्यात जागा मिळाली.

न कापता शिक्षण कच्चं राहतं का?

जुने शिक्षक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत, की स्क्रीनवर बघणं वेगळं आणि हाताने उलगडणं वेगळं. ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. पण खरा धोका दुसरीकडे आहे : कॉलेजने बेडूक बंद केला आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही. मॉडेल नाही, कॉम्प्युटर बंद, प्रोजेक्टर कपाटात. मग पोरं जर्नलमध्ये आकृती उतरवून पास होतात. असं झालं तर प्राणी वाचला, पण विद्यार्थी बुडाला. पर्याय द्यायची जबाबदारी कॉलेजची आहे. "बंद झालं" म्हणून हात वर करता येत नाहीत.

पर्याय महागच असतात असंही नाही. पाँडिचेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेलं 'एक्स-फार्म' हे सॉफ्टवेअर फार्माकॉलॉजीत वर्षानुवर्षं वापरलं जातंय. ते साध्या कॉम्प्युटरवर चालतं. चुकलं तर तोच प्रयोग दहा वेळा करता येतो, बेडकाच्या बाबतीत दुसरी संधी नसायची.

व्हेटर्नरीचं थोडं वेगळं आहे. जनावराच्या डॉक्टरला हात बसवावाच लागतो. पण त्यासाठी निरोगी जनावर कापायची गरज नाही. नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचं शरीर, दवाखान्यात खरोखर आजारी म्हणून आलेली गाय, नाहीतरी होणारी कुत्र्यांची नसबंदी, इथे सिनिअर डॉक्टरच्या हाताखाली शिकता येतं. जनावर बरं होतं आणि शिकणाराही तयार होतो.

बेडकाचं आणखी एक. तो पिकावरचे किडे खातो. परदेशात पाय पाठवण्यासाठी बेडकं एवढी पकडली जात होती की १९८७ मध्ये भारताला ती निर्यात बंद करावी लागली. कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने तरी त्याला फुकटचा प्राणी समजू नये.

कच्चे दुवे कुठे आहेत?

कायदा चांगला म्हणून सगळं ठीक, असं समजू नका.

पहिला दुवा दंडाचा. प्रयोगांबद्दलच्या अटी मोडल्या तर या कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त दोनशे रुपये. १९६० मध्ये ती मोठी रक्कम असेल. आज तामसीहून आदिलाबादला चार माणसं जाऊन चहा पिऊन आली तर तेवढे खर्च होतात. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या मतांसाठी ठेवला होता. खरा धाक दंडाचा नाही, नोंदणीचा आहे. केंद्रीय समिती संस्थेचे प्रयोग थांबवू शकते. शिवाय समितीच्या परवानगीशिवाय केलेलं संशोधन चांगली नियतकालिकं छापत नाहीत. म्हणजे दोन वर्षांची मेहनत वाया.

दुसरा दुवा लहान कॉलेजांचा. मोठ्या शहरातल्या संस्थेत समिती भरते, कागद असतात. दूरच्या कॉलेजात कधी कधी समिती कागदावरच राहण्याची भीती असते. आठवा सदस्य कोण, हे विद्यार्थ्यांना तर सोडाच, शिक्षकांनाही सांगता येईल का?

तिसरा दुवा आपला. आपण विचारतच नाही.

विद्यार्थी आणि पालकांनी काय करायचं?

• बीएस्सी-एमएस्सीला प्राणी आणायला किंवा कापायला सांगितलं तर भांडू नका. विभागप्रमुखांना अर्ज द्या : यूजीसीच्या २०१४ च्या सूचनेप्रमाणे पर्यायी प्रॅक्टिकल द्यावं. अर्जाची पोच घ्या.

• यूजीसीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक कॉलेजात डिसेक्शनवर लक्ष ठेवणारी समिती करायला सांगितलं होतं. तुमच्याकडे ती आहे का, विचारा.

• मार्क कापण्याची धमकी आली तर प्राचार्य, मग विद्यापीठ. तिथेही दाद लागली नाही तर यूजीसीच्या 'ई-समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिला तर एकट्या पोरावर रोख येत नाही.

• एमफार्म किंवा पीएचडीला प्रवेश घेताना गाईडला पहिल्याच महिन्यात विचारा : संस्थेची नोंदणी चालू आहे का, माझ्या प्रकल्पाला परवानगी मिळाली का, परवानगीचा नंबर काय. प्रयोग झाल्यावर मागच्या तारखेने कागद करू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अडकणार तुम्ही.

• जंगलातल्या प्राण्यावर अभ्यास करायचा असेल तर वेगळी परवानगी लागते. टिपेश्वरचा वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूर-तामसीकडे येतो तेव्हा त्याला कोणी पास विचारत नाही. पण त्याचा अभ्यास करण्यासाठी त्याला पकडणं किंवा बेशुद्ध करणं यासाठी संशोधकाला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावीच लागते.

• सरकारी कॉलेज असेल तर माहिती अधिकाराखाली विचारता येतं : समितीत कोण आहेत, वर्षात किती बैठका झाल्या, किती प्राणी वापरले.

शिक्षक मंडळींनाही एक विनंती. पोरगं "सर, मला हे करायचं नाही" म्हणालं, तर त्याला भित्रा समजू नका. तो जे विचारतोय, तेच कायदा १९६० पासून विचारतोय : दुसऱ्या मार्गाने होत नाही का? होत असेल तर तो मार्ग दाखवणं हे शिक्षकाचंच काम आहे. होत नसेल, तर का होत नाही हे समितीपुढे लिहून द्यायला हरकत नसावी.

घरात सायन्सला जाणारं कोणी असेल तर आज संध्याकाळी जेवताना विचारा, "तुमच्या प्रॅक्टिकलला काय असतं?" उत्तर "मॉडेल आहे, कॉम्प्युटर आहे" असं आलं तर उत्तम. "काहीच नाही" असं आलं, तर पुढच्या पालकसभेत बोलायला विषय मिळाला.